लिंबूपिवळी खोली

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हा रंग माझ्या मागोमाग घरापर्यंत चालत आला,” शिडीवरून रंगारी म्हणाला.

त्याची बायको पिशवी घेऊन दारातच थबकली. एक रात्र बहिणीकडे काय राहिली, तर चारही पांढऱ्या भिंती लिंबासारख्या पिवळ्याजर्द!

“चालत?”

“डब्याला पाय फुटले! जिना चढला, कडी वाजवली. ‘नको’ म्हटलं तर हमसून हमसून रडायला लागला. शेवटी म्हटलं, ये बाबा, लाग भिंतीला.”

तिला हसू आलं. फार दिवसांनी. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तिची पित्ताची नळी आकसून कावीळ झाली होती. दर तीन महिन्यांनी घशातून दुर्बीण घालून नळी उघडी ठेवणारा प्लास्टिकचा स्टेंट बदलायचा. दर खेपेला जीव अर्धा व्हायचा. शेवटचा मात्र आपोआप विरघळणारा होता. “सहा महिन्यांत विरेल, तोवर वाट मोकळी राहायला शिकेल,” डॉक्टर म्हणाले होते. “पण डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी या.”

आता तो विरला होता. आत टेकू उरला नव्हता. रोज सकाळी ती खिडकीशी उभी राहून नवऱ्याला डोळे दाखवायची. त्याची नजर रंगाऱ्याची, पांढऱ्यातले सतरा पांढरे ओळखणारी. तो एक डोळा मिटून बघायचा नि म्हणायचा, “चुना! शुद्ध चुना!” की ती निर्धास्तपणे चहा ठेवायला जायची. कालही तो तेच म्हणाला होता, जरा घाईनेच.

“बघा हो,” ती आता खिडकीशी गेली. “रात्रभर अंगाला खाज सुटली होती. तेव्हा काविळीत सुटायची तशी.”

तो खाली उतरला नाही. “आज नको. या भिंतींचा उजेड पडतो सगळ्यावर. आठवडाभर आरसासुद्धा खोटंच बोलणार.”

तिने तरीही आरशात पाहिलं. डोळे पिवळे होते.

“उजेड गं, उजेड!” तो म्हणाला. “मघाशी खिडकीत पांढरं कबूतर बसलं, ते पिवळाजर्द सुगरण पक्षी होऊन उडालं!”

ती हसली नाही. शिडीच्या दोन पायऱ्या चढली. त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. पांढरे, लख्ख.

“मग तुमच्या डोळ्यांवर का नाही पडला हो तो उजेड?”