पाचवी पायरी

“घराच्या दाराला पायऱ्या किती?”

साहेबाने विचारलं, दुभाष्याने कँटनी भाषेत सांगितलं आणि लियाँग साउ-हिंगच्या तोंडून उत्तर बाहेर पडलंसुद्धा. “तीन.”

“मागाहून काही डागडुजी, बदल?”

“काही नाही. होतं तसंच आहे.”

टाइपरायटर खडखडला. अठरा वर्षांपूर्वी साउ-हिंग सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या याच बेटावर, बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणी ठाण्यात, अशाच टेबलापुढे बसला होता आणि तेव्हाही त्याने तीनच सांगितल्या होत्या. ते घर त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. चिनी माणसाला अमेरिकेत पाऊल ठेवायचं तर इथे जन्मलेल्या कुणाचा तरी मुलगा असावं लागे. म्हणून मोकांच्या घरातला तो कागदावर लियाँग झाला, आणि लियाँगांचं घर, विहीर, खुराडं पोथीसारखं पाठ करून आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत अशा कागदी मुलांना काही तोटा नव्हता.

आता त्याच कागदांवर तो एकोणीस वर्षांच्या क्वान-यिउला आपला मुलगा म्हणून उतरवून घेणार होता.

“कागदी बापाचा कागदी पोरगा!” शेजारचा औषधवाला फुंग खो खो हसला होता. “कुणाचा रे?”

“गावाकडचा आहे,” एवढंच म्हणून साउ-हिंग लाँड्रीतली इस्त्री फिरवत राहिला होता. त्याचा डावा अंगठा कधीकाळी चेचलेला, नख वाकडं. गिऱ्हाइकांना वाटे, इस्त्री पडली असेल. तो वाटू देई.

पोराला त्याने सोळा पानी पत्र धाडलं होतं. विहीर कुठल्या अंगाला, खुराडं कुठे, आजीचे दात किती उरलेत. पाठ कर आणि बोटीवरून समुद्रात फेकून दे. पायऱ्यांचं तेवढं लिहायचं राहिलं. सोळा पानं खरडली आणि ठेच लागली ती दारातच! आज सकाळी बेटाकडे निघालेल्या होडीत त्याला ते आठवलं. धक्क्यावर उतरताच त्याने ठाण्याचा आचारी आ-दाक याच्या मुठीत एक चिठ्ठी कोंबली. दोनच शब्द: तीन पायऱ्या.

“काका, आत्ता आठवतंय होय?” आ-दाक करवादला. “पोरगं दोन दिवस झाले तिथे बोलतंय! बघतो. पावात घालून देतो. पोचली तर पोचली.”

जेवणं झाल्यावर साहेबाने साउ-हिंगला पुन्हा आत बोलावलं. या वेळी पोरगा समोर उभा होता. विटका निळा सदरा, हडकुळे खांदे. साउ-हिंगने मान वर केली नाही. पोरगा मात्र टक लावून त्याच्या हातांकडे बघत होता.

साहेबाने कागद उचलला. “हा काल म्हणाला, पायऱ्या पाच. पाचवी म्हणे मागाहून बसवलेली.”

“चुकलो साहेब,” पोरगा घाईघाईने म्हणाला. “तीन. तीनच आहेत.”

“आज बरी अक्कल आली!” साहेब हसला. मग तो हसायचा थांबला आणि साउ-हिंगकडे वळला. दुभाषा खालच्या मानेने सांगू लागला, “साहेब म्हणतात, ही घरं दोन आहेत. एक तर हा तुमचा मुलगा नाही, नाही तर तुम्ही लियाँग नाही. काय ते एक सांगा.”

अठरा वर्षं. लाँड्री. ज्या नावाने लोक हाक मारत ते नाव. सगळं त्या दाराशी येऊन अडलं. ‘नाही’ म्हटलं तर पोरगा आल्या वाटेने परत जाणार, ‘हो’ म्हटलं तर दोघंही जाणार.

“मी मुलाला तान्हं सोडून आलो होतो,” साउ-हिंग म्हणाला. “हा तो नाही.”

“मोठ्याने. टाइप करणाऱ्या बाईंना ऐकू जात नाही.”

“हा माझा मुलगा नाही!”

खोलीभर आवाज घुमला. साउ-हिंगच्या कानशिलांची लाही झाली. कुणी तोंडात मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं. पोरगा वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तसा कमरेत वाकला आणि पहारेकऱ्याबरोबर निघून गेला.

“शुक्रवारची बोट,” साहेब म्हणाला. साउ-हिंगने कागदावर सही केली. लियाँग.

धक्क्यावर होडीची वाट बघणारी चार-सहा माणसं होती. त्यांतल्या कुणाच्याही नजरेला नजर द्यायची त्याला लाज वाटली. तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मागून आ-दाक धापा टाकत आला. त्याच्या हातात वाफेवरचा पाव होता, अजून कोमट.

“मनाला लावून घेऊ नका, काका. परक्याचं पोर. तुम्ही तरी किती करणार? हे घ्या, त्याने दिलंय. होडीत बसल्यावर फोडा.”

होडी सुटली. बेट बरंच मागे पडल्यावर साउ-हिंगने पाव फोडला. आत त्याचीच सकाळची चिठ्ठी होती. पाठीमागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘बाबा, चिठ्ठी उशिरा मिळाली. तोवर मी आपलंच घर सांगून बसलो होतो, चूक माझी. तुम्ही म्हणालात तेच बरोबर. निघताना आईने विचारायला सांगितलं होतं, पाचवी पायरी बसवताना चेचलेला अंगठा अजून दुखतो का?’