अकरा नंबरचे आजोबा

"अकरा नंबरचे आजोबा हट्टाला पेटलेत," परिचारिका दारातूनच म्हणाली. "डॉक्टर नकोत, औषध शोधणाऱ्या बाईच हव्यात म्हणे."

संशोधिकेने सूक्ष्मदर्शकावरून डोळे वर केले. दोन वर्षं ती या माणसाचं रक्त तपासत होती. औषधाच्या चाचणीच्या नियमामुळे तिला नाव ठाऊक नव्हतं, नुसता नंबर. फुफ्फुसात लिंबाएवढी गाठ होती. शेवटच्या स्कॅनमध्ये तिचा मागमूस नव्हता.

"पाठव त्यांना."

म्हातारा आला आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला.

"आभार मानायला आलो. पण तुम्ही नेमकं केलंत काय, ते काही डोक्यात शिरलं नाही."

"केलं तुमच्याच रक्तातल्या पेशींनी. रोगाशी लढणं त्यांचंच काम. पण गाठ त्यांना गुंगी देते. आमचं औषध त्यांना हलवून जागं करतं, एवढंच."

"एवढंच!" तो हसला. "किती वर्षं गेली या एवढ्यात?"

"अठ्ठावीस."

"घरच्यांनी बरं चालवून घेतलं."

"घरी आईच असते. तिला हे काम कधी आवडलं नाही. विषय काढला की उठून जाते."

एरवी ती परक्या माणसाशी असं बोलली नसती. पण त्याला समोर धडधाकट बसलेला पाहून तिला राहवेना.

"माझे बाबा याच रोगानं गेले. मी पाच वर्षांची होते. घरात त्यांचा एक फोटोही नाही, आईला बघवत नाही म्हणे. चेहरासुद्धा आठवत नाही मला. दाढी करताना शिट्टी वाजवायचे, तेवढी कानात आहे. तुमची गाठ विरघळली त्या दिवशी इथे सगळे टाळ्या पिटत होते. मी आपली जिन्यात जाऊन बसले. वाटलं, हे पंचेचाळीस वर्षं आधी कुणाला जमलं असतं तर..."

म्हाताऱ्याने डोळे मिटून टेबलाची कड धरली.

"बरं वाटत नाहीये का?" तिने पाण्याचा पेला पुढे केला.

त्याने तो घेतला नाही.

"चाचणीच्या फॉर्मवर तुझं नाव वाचलं," तो म्हणाला. "दोन वर्षं धीर होत नव्हता. वाटायचं, मला ओळखलंस की दारातूनच हाकलून देशील. आणि तुझ्या आईनं तुला... मी मेलो म्हणून सांगितलं?"