चित्राचं पान

"फिरवा, नाना."

नानांनी डाव्या हाताच्या चिमटीत कागदाची पट्टी धरली, कापणारं टूल लोखंडाला कधी टेकतं ते कळावं म्हणून त्याच्या टोकाखाली सरकवली आणि उजव्या हाताने मशीनचं छोटं चाक एक घर फिरवलं. टूल हललं नाही. आणखी एक घर फिरवलं. तरी नाही. नानांनी चाक सोडलं, आणि मग टूल खाली आलं. दोन्ही घरं एकदम. कागद फाटला, टोक लोखंडावर बसलं, टूलचा टवका उडाला.

"पंधरा दिवसांत मोडलेलं हे चौथं टूल," साहेब म्हणाले. "आता तुम्ही करून दाखवा."

मेन्टेनन्सवाला पुढे झाला. तो नानांचा जावई, हे कारखान्याच्या सगळ्या शॉपला ठाऊक होतं. त्याने नवं टूल लावलं, चाक धरलं. चाक फिरेल तसं टूल खाली येत गेलं. थांबवलं तिथे थांबलं.

"मशीनलासुद्धा मानपान कळतो बघा," शेजारचा लेथवाला म्हणाला. "जावयाशी कसं गोड वागतंय!"

दोघं-तिघं हसले. साहेबांनी एक फॉर्म मशीनवर ठेवला. "दोष मशीनचा की माणसाचा, एका रकान्यात लिहा. सासरे आहेत म्हणून पांघरूण घालू नका. माणसाचा असेल तर नाना उद्यापासून पॅकिंगला. उद्या टूलऐवजी बोट गेलं, तर मी तुमच्या घरी कोणत्या तोंडाने येऊ?"

साहेब गेले. जावयाने पुन्हा मशीनची पाठ उघडली. सकाळपासून तो तेच करत होता. केबल तपासली, जोड पुसले, चाकसुद्धा बदललं. एकतीस वर्षं ज्या माणसाने लोखंडाला आकार दिला, त्याला खोक्यांना चिकटपट्टी लावायला पाठवायचं, या विचाराने तो फॉर्मला हात लावत नव्हता.

"माझाच हात जड झाला असेल हो," नाना म्हणाले. "लिहून मोकळे व्हा."

"हात जड झाला तर चाक उशिरा फिरेल. फिरवलेलं चाक टूलला उशिरा कसं कळेल? पुन्हा करा. या वेळी मी टूलकडे नाही, तुमच्याकडे बघतो."

नाना मशीनसमोर उभे राहिले. चाकाला हात लावण्याआधी त्यांच्या अंगठ्याने स्क्रीनखालचं एक बटण दाबलं. सवयीने, न बघता. आकड्यांचं पान गेलं आणि चित्राचं आलं. हिरवा ठोकळा, त्याच्यावर लाल दांडी.

जावयाच्या लक्षात आलं. तो स्वतः दर वेळी आधी आकडे लावायचा. त्याने आकडे लावून चाक फिरवलं. टूल लगेच हललं. चित्र लावलं. उशीर. पुन्हा आकडे, पुन्हा चित्र. जुनं मशीन ते. चित्र रंगवण्यातच त्याचा सगळा जीव अडकायचा आणि चाकाचं म्हणणं ऐकायला त्याला फुरसत मिळायची नाही.

"सापडलं, नाना! चित्र बंद ठेवलं की झालं! कधीपासून लावताय?"

"महिना झाला असेल." नाना खाली बघत होते.

"पण कशाला? आकडे आहेत की समोर."

जावयाने आकड्यांचं पान लावलं आणि जरा थांबून विचारलं, "आत्ता उंची किती दाखवतंय?"

"बेचाळीस पॉइंट पाच," नाना झटकन म्हणाले.

स्क्रीनवर सतरा होते. बेचाळीस पॉइंट पाच सकाळच्या जॉबचे.

शेजारचा लेथ थोडा वेळ बंद होता. त्याचा आवाज सुरू होईपर्यंत नाना थांबले.

"चष्मा दोनदा बदलला. डॉक्टर म्हणाले, नंबराचा प्रश्न नाही, आतला पडदाच गेलाय. रंग दिसतात अजून. लाल हिरव्याला टेकलं की कळतं."

"घरी का बोलला नाहीत?"

"तुमच्या सासूबाईंना सांगू नका. रोज सकाळी तिच्यासमोर पेपर धरतो मी. मोठ्याने वाचूनही दाखवतो."

"काय वाचता?"

"आदल्या दिवशी रेडिओवर ऐकलेलं," नाना म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. जावयाला आलं नाही.

साहेब परत आले तेव्हा फॉर्म भरलेला होता. मशीनच्या रकान्यात जावयाने लिहिलं होतं, 'चित्राचं पान चालू असताना चाकाचा हुकूम उशिरा पोचतो. उपाय: चित्र बंद ठेवणे.' त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. साहेबांनी स्वतः दोनदा चाक फिरवून पाहिलं आणि नानांच्या पाठीवर थाप मारली.

"उगाच तुमच्यावर संशय घेतला, नाना. माफ करा. चला, लागा कामाला. चित्र तेवढं लावू नका."

"नाही लावत," नाना म्हणाले.

साहेब गेले. नाना मशीनसमोर उभे राहिले. स्क्रीनभर आकडे होते. त्यांनी कागदाची पट्टी टोकाखाली सरकवली, चाकावर हात ठेवला, आणि मान न वळवता हळूच म्हणाले, "जावईबापू, जरा वाचता का?"

जावई त्यांच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. "तीन पॉइंट दोन," त्याने वाचलं. नानांनी चाक फिरवलं. "दोन पॉइंट चार... एक पॉइंट एक... शून्य पॉइंट सहा..."

शॉपच्या दुसऱ्या टोकाला एक मशीन बंद पडलं. "मेन्टेनन्स!" कुणीतरी हाक मारली. "अहो मेन्टेनन्स, लवकर या!"

नानांचा हात चाकावरच थांबला.