साठचा बल्ब

कोंबडी मुंगसानं नेली, तेव्हा दगडाबाईनं तिची अंडी खोक्यात ठेवून वर बल्ब लावला. आयटीआय केलेल्या सुनेनं, पंचशीलानं, मीटर जोडला. "आत्याबाई, व्होल्टला करंटनं भागलं तर रेझिस्टन्स बरोबर हाय, बल्ब चांगला हाय. पण गुणलं तर चौतीसच वॅट भरतात." "कावून? वर साठ लिवलंय की!" "गावात व्होल्टेजच कमी येतंय." मग दोघींनी शेजारी दुसरा बल्ब लावला. पिवळ्या उजेडात अंडी झोपेत हलल्यासारखी वाटायची. दगडाबाई त्यांच्याशी कोंबडीच्या आवाजात बोलत राहायची. पिल्लं निघायच्या दिवशी पहाटेच लाईट गेली. मीटरवर शून्य. पंचशीला धावली, तर खोकं रिकामं. कोपऱ्यात गोधडी पांघरून दगडाबाई बसली होती, सगळी अंडी पोटाशी धरून. तिनं सुनेचा हात गोधडीत ओढला. "आता मोज." बोटांखाली एका कवचाला आतून कुणीतरी हलकेच टोचत होतं.