इनचार्जचा पेढा

केबिन रोडवरच्या आमच्या साड्यांच्या दुकानात आज स्वप्नाली काउंटर इनचार्ज झाली. आमचे मॅनेजर शिर्के सर. त्यांनी स्वतःच्या हाताने तिला पेढा भरवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "ही मला मुलीसारखी आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. स्वप्नाली माझ्या कितीतरी नंतर लागलेली. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर टाकून आरसा कसा दाखवायचा, हे तिला मीच शिकवलं होतं.

"संपदा, या वेळी तुझाच नंबर होता," बाजूच्या काउंटरवरचा प्रितम हळूच म्हणाला. "विचार ना जाऊन सरांना."

दुपारी गर्दी ओसरल्यावर विचारलं. "सर, माझं कुठे कमी पडलं?"

"कुठेच नाही." ते समोरच्या पैठणीची घडी घालत राहिले. "तुझ्याइतकं चांगलं काम इथे कोणीच करत नाही."

"मग?"

"लोकांना बोलायला जागा नको."

हे उत्तर आता मला पाठ झालंय. मी पुन्हा काउंटरवर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि रोजच्यासारखं दुसरं हेल्मेट माझ्या हातात दिलं. मी मागे बसले. मीरा रोडच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्यांच्या पाठीला डोकं टेकून म्हटलं,

"पप्पा, एकदा मलाही सगळ्यांसमोर मुलीसारखी म्हणा ना."