वाफसा

पिंकीने पहिला दंडवत घातला आणि दोन्ही तळहात झटकन वर उचलले. सिमेंटचे ब्लॉक तव्यासारखे तापले होते. बिरोबाचं देऊळ अजून पन्नास पावलं लांब होतं.

नवरा दवाखान्यातून आपल्या पायांनी घरी आला तर विहिरीपासून देवळापर्यंत दंडवत घालीन, असं ती बोलली होती. नवरा आला. आता चैत्रातल्या यात्रेचा ढोल वाजत होता, डोक्यावर बाराचं ऊन होतं, आणि मध्येच सोडून दिलं की नवस मोडला.

ब्लॉक यंदाच्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीच्या मेंबर उदयसिंहाने बसवून घेतले होते. आता त्यानेच टँकरवाल्याला हाक मारली. पाइप सुटला, ब्लॉक चरचरले, कोमट वाफ पिंकीच्या तोंडावर आली. दोन दंडवत कसेबसे झाले. तिसऱ्याला ब्लॉक पुन्हा कोरडे ठणठणीत. पिंकीने आडवी होऊन, हात पोचेल तिथे ओल्या बोटाने रेघ ओढली; त्या रेघेवर उभं राहून पुढचा दंडवत घालायचा. ती उठेपर्यंत रेघ उडून गेली होती.

टँकर अर्धा झाला. पाणी यात्रेकरूंच्या पिण्याचं होतं. पाइप बंद झाला, ढोलही थांबला.

"पिंके, हिकडं उतर."

पिंकीची आजी विजयमाला वाटेच्या कडेला उभी होती. ब्लॉकांच्या बाजूला दोन हातांची मातीची पट्टी देवळापर्यंत गेली होती. काल सांजेला तिने विहिरीवरच्या नळाला पाइप लावून ती पट्टी भिजवली होती. उदयसिंहाने मोटारसायकल थांबवून विचारलं होतं, "आक्का, देवाच्या दारात ऊस लावताय व्हय?" ती पाणी सोडतच राहिली होती. तिची सासू होती तेव्हा यात्रेच्या आदल्या सांजेला गावातल्या साऱ्या बायका घागरी घेऊन यायच्या. माती पिईल तेवढंच पाणी ओतायच्या. रात्रभर ते मुरायचं आणि दुपारी जमीन बरोबर वाफशावर असायची. हाताला चिकटायची नाही, अंगाला पोळायची नाही. ब्लॉक बसले, आणि ते काम संपलं असं बायकांना वाटलं.

पुजारी सिद्धराम आडवा आला. सकाळीच त्याने पिंकीला बजावलं होतं, दंडवत वाटेवरूनच घालायचे. "आजी, वाट सोडली की नवस मोडतो."

"वाट सोडाय कोण सांगतंय? वाट सहा हातांची. चार हात तुमी झाकली. ही राहिलेली काय शेजाऱ्याची हाय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सिद्धराम हसला नाही. त्याने एक पाऊल मातीवर ठेवलं. मग दुसरं. सकाळपासून तो अनवाणी त्या ब्लॉकांवरून ये-जा करत होता. तिथेच उभा राहून तो म्हणाला, "येऊ दे तिला."

उदयसिंहाने पुन्हा पाइप उचलला. "आक्का, राहिलेलं पाणी ह्या मातीवर मारू का?"

"आता नगं. चिखल हुईल." विजयमालाने त्याला हातातला पाइप खाली ठेवायला लावला. "जमिनीला पाणी मारायचं नसतं. आदल्या सांजेला पाजायचं असतं. पुढच्या साली ये, दावते."

पिंकी मातीत उतरली आणि आडवी झाली. क्षणभर तिने गालही जमिनीला टेकवला. मग हात लांब करून खड्याने रेघ ओढली आणि उठून उभी राहिली.

रेघ होती तिथेच होती.

"थांबलाय कशाला?" विजयमाला ढोलवाल्यांना म्हणाली. "वाजवा की."