अनेकवचन

नवरा जस्टिन वारला त्याला तीन वर्षं झाली, तरी दर रविवारी चर्च सुटलं की एंजल राहुरीत सासूबाईंकडे जायची आणि दोघींचा इंग्रजी शब्दांचा डाव रंगायचा. लिडियाबाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. खेळातही चूक खपवून घ्यायच्या नाहीत. आज मात्र एंजलचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सांगायचं ते सकाळपासून ओठांवर येऊन माघारी जात होतं. अक्षरांच्या सोंगट्या जुळवत तिनं पटावर 'माऊसेस' लावलं.

"अगं, माइस! लक्ष कुठंय तुझं?"

एंजल अक्षरं उचलू लागली आणि मध्येच थांबली. "मम्मी, मदर-इन-लॉचं अनेकवचन काय होतं हो?"

"मदर्स-इन-लॉ. एस शेवटी नाही लावायचा, तो मदरला..." बोलता बोलता लिडियाबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

एंजलनं मान वर केली नाही. तिच्या हातातली अक्षरं खाली सांडली, तसा बाईंनी तो हात आपल्या हातात घेतला.

"दुसऱ्या सासूबाई कुठल्या गं?" त्यांनी विचारलं. "स्वभावानं बऱ्या आहेत ना?"